बऱ्हाणपूरच्या रसदेसाठी एक तास द्या: खानदेशातल्या इतिहास शिक्षकांना खुले पत्र

खानदेशातल्या शाळांमध्ये इतिहास शिकवणाऱ्या सर्व सरांना आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

मी रावेर तालुक्यातला. छत्तीस वर्षे बाजार समितीच्या आवारात मापाडी होतो. ज्वारी, गहू, हरभरा, तूर, जे येईल ते काट्यावर घेतले आणि वहीत मांडले. निवृत्त झाल्यावर वाचनालयाची सवय लागली. इतिहासाचा मी पदवीधर नाही. पण धान्य किती पोत्यांत मावते, ते किती दिवस पुरते आणि भाव चढला की पहिल्यांदा कोणाच्या घरातली चूल विझते, हे मला कळते. त्या भांडवलावर हे पत्र लिहितो आहे.

गेल्या हिवाळ्यात गावातल्या शाळेची सहल बऱ्हाणपूरला गेली. सोबतीला चार मोठी माणसे हवी होती, म्हणून मीही गेलो. शाही किल्ला पाहिला, कुंडी भंडाऱ्यात उतरलो, मग तापी ओलांडून जैनाबादच्या आहुखान्यात गेलो. मुमताज महलचा देह ताजमहालाआधी जिथे ठेवला होता ती ही जागा. सरांनी तिची गोष्ट फार चांगली सांगितली. १७ जून १६३१, चौदावे बाळंतपण, बादशहाचा शोक, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आग्र्याला नेलेला देह. मुले गप्प बसून ऐकत होती. गोष्ट संपली आणि सगळ्यांनी डबे उघडले. पोळी, भाजी, कोणाकडे कळण्याची भाकर, कोणाकडे केळी. मी त्या डब्यांकडे पाहत बसलो आणि मनात हिशेब सुरू झाला, तो घरी येईपर्यंत थांबला नाही.

बादशहा इथे दोन वर्षे राहिला, तो लढाईसाठी. त्याच्याबरोबर लष्कर होते. ज्या वर्षी मुमताज गेली त्या वर्षी दख्खनेत आणि गुजरातेत दुष्काळ होता. मग इतक्या घोड्यांना आणि माणसांना इथे खायला कुठून आले?

सर, मॅडम, हा प्रश्न आपण वर्गात विचारावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

बऱ्हाणपूर आपल्या मुलांना दोन ओळींत माहीत असते: फारुकी सुलतानांची राजधानी, मुमताज तिथे वारली. नकाशात ते आता मध्य प्रदेशात आहे, त्यामुळे आपल्या पुस्तकांतून ते आणखीच मागे सरकते. पण रावेरहून गाडीत बसले तर वाघोडा येते आणि मग बऱ्हाणपूरच येते. आमच्या सोयरिकी तिकडे, लग्नाचा बस्ता तिकडचा. दोन-अडीचशे वर्षे खानदेश म्हणजे बऱ्हाणपूर, असेच होते. अकबराने जानेवारी १६०१ मध्ये असीरगड घेतला, तेव्हापासून तर हे शहर मोगलांचे दख्खनेचे दार झाले. उत्तरेतून येणारे लष्कर नर्मदा ओलांडून, सातपुड्याच्या खिंडीतून असीरगडाच्या पायथ्याशी उतरते, तापीच्या काठी विसावते, आणि मग अजिंठ्याच्या डोंगराकडे निघते. दार म्हटले की कोठार आलेच. पुढे जाणाऱ्या प्रत्येक फौजेची शिदोरी इथे बांधली जायची.

इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये सुरतेहून या वाटेने आला. त्याच्या प्रवासातली गावे वाचताना मला भरून आले, कारण ती आमची गावे आहेत. नंदुरबार, थाळनेर, चोपडा, अडावद, रावेर. बऱ्हाणपूरच्या अलीकडे दोन मैलांवर, बहादूरपूरला, त्याने तोफांचे कोठार पाहिले. पितळी तोफा, आखूड आणि रुंद तोंडाच्या, असा शेरा त्याने मारला आहे. तेव्हा शहजादा परवेझ बऱ्हाणपुरात दख्खनेचा कारभार पाहत होता आणि अहमदनगरचा मलिक अंबर मोगलांना दमवत होता. म्हणजे शाहजहानच्याही आधी, १६१५ मध्ये, आपल्या या पट्ट्यात दारूगोळ्याचा डेपो होता. मुलांना हे सांगताना वरणगाव आणि भुसावळ आठवून द्या. भुसावळची ऑर्डनन्स फॅक्टरी १९४९ ची, वरणगावची १९६४ ची. माझे थोरले मेव्हणे वरणगावला होते. तिथे बंदुकीची काडतुसे होतात आणि भुसावळला दारूगोळा भरायचे डबे आणि पेट्या. ज्या मुलांचे आजोबा, काका त्या भोंग्यावर घड्याळ लावायचे, त्या मुलांना रसद हा शब्द समजावून सांगायला काय लागते? त्यांना फक्त हे कळायला हवे की हा भाग चारशे वर्षांपासून फौजांना काही ना काही पुरवत आला आहे.

पाणीसुद्धा त्यातच धरा. कुंडी भंडारा आपण सगळेच दाखवतो. सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहरात आणले, वर शंभराहून अधिक कुंड्या, काम अब्दुल रहीम खानखानाच्या काळातले, १६१५ च्या सुमाराचे. स्थापत्याचा चमत्कार म्हणून मुले माना वर करून त्या कुंडीच्या तोंडाकडे पाहतात. रहीम स्वतः दख्खनेच्या मोहिमेचा सेनापती होता, हे त्याच वेळी सांगितले तर? ज्या शहराबाहेर वर्षानुवर्षे छावणी पडणार, त्या शहराला तापीच्या उन्हाळी धारेवर विसंबून चालत नाही, हे मुलांना आपोआप उमगेल.

आता १६३०.

खानजहान लोदी नावाचा मोठा सरदार बादशहाविरुद्ध उठला आणि दख्खनेत निजामशाहीच्या आश्रयाला आला. त्याच्या पाठोपाठ शाहजहान मार्च १६३० मध्ये बऱ्हाणपुरात दाखल झाला. तिथून त्याने तीन फौजा दक्षिणेत सोडल्या, मिळून सुमारे पन्नास हजारांच्या. त्याच वर्षी पाऊस दडी मारून बसला. बालाघाटात, म्हणजे अजिंठ्याच्या डोंगरापलीकडच्या पठारावर, दौलताबादेकडे तर आदल्या वर्षीही धड झाला नव्हता.

इथे मी माझा काटा मांडतो. हे आकडे दरबारी बखरीतले नाहीत, मापाड्याचा अंदाज आहे, आणि तो मी हात राखून केला आहे. आपण मुलांकडून फळ्यावर पुन्हा करून घ्या.

कामाच्या घोड्याला दिवसाला किमान तीन किलो दाणा लागतो, हरभरा म्हणा, मटकी म्हणा. वैरण वेगळी. पन्नास हजार घोड्यांना रोज दीड हजार क्विंटल. एका घोड्यामागे दोन माणसे तरी येतात: स्वार, मोतद्दार, गवत कापणारा, तंबू उभारणारा, भिस्ती, स्वयंपाकी, दुकानदार. आपल्या मराठीत त्यांना बाजारबुणगे म्हणून सोडून देतात, पण पोट त्यांनाही होते. एक लाख माणसे, प्रत्येकी अर्धा किलो, म्हणजे रोज पाचशे क्विंटल. एकूण दोन हजार क्विंटल, रोज. हत्ती, उंट, तोफा ओढणारे बैल मी धरलेच नाहीत.

हे धान्य वाहणार कोण? बंजारे. लमाण. त्या काळात गाड्या होत्या, पण घाटवाटांवर आणि लांबच्या पल्ल्याला पाठीवर गोणी घेतलेला बैलच खरा. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी याच वर्षांत हिंदुस्थानात फिरत होता. उत्तरेकडच्या एका वाटेवर त्याला चौदा हजार बैलांचा एकच तांडा भेटला, सगळे धान्याने लादलेले. प्रत्येक बैलावर चार मोठे मण, असे त्याने लिहिले आहे. शाहजहानी मण साधारण साडेतेहतीस किलोचा धरला तर एका बैलाच्या पाठीवर एकशेचौतीस किलो, आणि तांड्यावर अठरा हजार सातशे साठ क्विंटल. आजच्या दहा टनी ट्रकात भरले तर एकशेऐंशीच्या वर ट्रक. आमच्या आवारात सुगीच्या ऐन दिवसांतही एवढी रांग मी कधी पाहिली नाही. आणि एवढा अवाढव्य तांडा बऱ्हाणपूरच्या त्या लष्कराला, माझ्या हिशेबाने, नऊ-साडेनऊ दिवस पुरला असता.

रोज दीड हजार बैल रिकामे व्हायला हवेत, तेव्हा छावणीची चूल पेटते. दोन वर्षे.

आता दुसरी बाजू मांडतो, आणि ही मुलांच्या डोक्यात राहावी असे मला मनापासून वाटते. एका घोड्याचा तीन किलो दाणा म्हणजे सहा माणसांचे रोजचे अन्न. पन्नास हजार घोडे म्हणजे तीन लाख माणसांचे. एका बैलाचे ओझे पाच माणसांच्या घराला जवळजवळ दोन महिने पुरते. ज्या वर्षी शेतात काही उगवलेच नाही त्या वर्षी ही गोणी कुणाच्या दारासमोरून पुढे गेली, हे विचारले की इतिहास एकदम आपल्या ओट्यावर येऊन बसतो.

पीटर मंडी नोव्हेंबर १६३० मध्ये सुरतेहून निघाला. नवापूर, नंदुरबार, म्हणजे पुन्हा आमचीच वाट. त्याने लिहिले आहे की रस्ताभर प्रेते पडली होती, दुर्गंधीतून नाकाला सुटका नव्हती, गावांजवळ तर लोक मेलेल्यांना पायाला धरून ओढून बाहेर टाकत होते. नंदुरबारच्या ज्या मुलांना आपण शिकवता, त्यांच्या गावाचे हे वर्णन आहे. त्या साली माळव्यात धान्य होते. पण ते बंजाऱ्यांच्या बैलांवरून वळले बऱ्हाणपूरकडे, कारण तिथे पैसा होता, हुकूम होता आणि लष्कर होते. गुजरातेकडे जाणारा ओघ त्यामुळे आटला. बाजार असाच चालतो. जिथे रोख गिऱ्हाईक, तिथे माल. मी आयुष्यभर पाहिलेले आहे. फरक इतकाच की त्या वेळी गिऱ्हाईक म्हणजे साक्षात सम्राट होता आणि दुसऱ्या बाजूला उपाशी माणूस.

शाहजहानने काहीच केले नाही, असे मुलांना सांगू नका. ते खोटे होईल. त्याच्या दरबारी इतिहासात, अब्दुल हमीद लाहोरीच्या बादशाहनाम्यात, त्या दुष्काळाचे वर्णन आहे आणि ते लपवाछपवी न करता लिहिलेले आहे. भाकरीसाठी माणूस स्वतःला विकायला तयार होता आणि घेणारा नव्हता. मेलेल्यांची हाडे कुटून पिठात मिसळून विकली जात होती. बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरतेत लंगर उघडले. बऱ्हाणपुरात वीस आठवडे दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले, म्हणजे एक लाख. खालशाच्या, म्हणजे थेट बादशाही खजिन्याला सारा देणाऱ्या, मुलखातला सुमारे सत्तर लाखांचा सारा माफ केला. हे सगळे खरे आहे, आणि त्याच वेळी फौजा दक्षिणेत होत्या, घोडे दाणा खात होते, हेही खरे आहे. दोन्ही गोष्टी एकाच शहरात, एकाच बाजारात चालू होत्या. ज्या शहराने लंगर चालवले, त्याच शहराने लष्कर पोसले. मुलांना हे एकत्र धरायला शिकवणे अवघड आहे, मला मान्य आहे. पण दहावीतले मूल ते धरू शकते.

आणि एवढे करून काय झाले? शाहजहानचा सरदार आझमखान याने परिंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला होता, तो वैरण मिळेना म्हणून उठवावा लागला. त्याचा दुसरा सरदार आसफखान विजापूरवर गेला, विजापूरकरांनी भोवतालचा मुलूख आधीच उजाड केला होता, रसद संपली आणि तोही परतला. तोफा होत्या, माणसे होती. गवत नव्हते. लढाई कुठे हरली जाते, हे शिकवायला यापेक्षा चांगली उदाहरणे मला ठाऊक नाहीत.

गवतावरून तांड्याकडे परत येतो, कारण इथली एक गोष्ट सहसा कुणी समजावत नाही. तांड्याची वाहतूक स्वस्त का होती? बैल चालता चालता चरत. रोजचा पल्ला थोडका, बायकापोरे बरोबर, कुत्री राखणीला, मुक्काम कुरणात. वैरणीला पैसा लागत नसे. म्हणून चारशे मैलांवरचे धान्य परवडायचे. पण दुष्काळात कुरण जळते. मग धान्य वाहणारा बैलच वाटेत बसतो. ज्या वर्षी वाहतुकीची सर्वांत जास्त गरज, त्याच वर्षी ती मोडते. म्हणून दोनशे मैलांवर कोठारे भरलेली असूनही माणसे मरत. पुढे रेल्वे आली आणि हे गणित बदलले. भुसावळच्या मुलांना हे सांगा. जंक्शनचे गाव म्हणजे काय, हे त्यांना नव्याने कळेल.

बंजारा परंपरेत भंगी आणि जंगी या दोन नाईकांचे नाव निघते. आसफखानाच्या दख्खन मोहिमेत त्यांचे बैल होते, एक लाख ऐंशी हजार, असे सांगतात. त्यांना ताम्रपट मिळाला आणि त्यात सोन्याच्या अक्षरांत सनद होती: रांजणातले पाणी घ्या, छपराचे गवत घ्या, दिवसाला तीन खून माफ, आणि जिथे आसफखानाचे घोडे तिथे तुमचे बैल. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा दोन गोष्टी एकदम जाणवल्या. एक, बादशाही लष्कर या माणसांवाचून एक पाऊल पुढे जाऊ शकत नव्हते, म्हणूनच एवढा मान. आणि दुसरी, तो रांजण कुणाचा होता? ते छप्पर कुणाचे होते? शेतकऱ्याच्या घरावरचे गवत ओढून बैलाला घालायची मुभा सनदेत लिहून मिळत होती. बंजाऱ्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांनाही बैल जगवायचे होते आणि हुकूम पाळायचा होता. लष्कराची भूक वरून खाली उतरत उतरत शेवटी कुणाच्या छपरापर्यंत पोहोचते, ते या एका ओळीत दिसते.

जामनेर, चाळीसगाव, पाचोरा या तालुक्यांतल्या शिक्षकांना माझी वेगळी विनंती आहे. आपल्या वर्गात तांड्यावरून येणारी मुले आहेत. त्यांनी आपल्या पूर्वजांबद्दल पुस्तकात काय वाचले आहे? इंग्रजांनी त्यांना पुढे गुन्हेगार ठरवले, रेल्वेने त्यांचा धंदा बुडवला, आणि मग त्यांच्या हाती ऊसतोडीचा कोयता आला. त्याआधी तीनशे वर्षे हिंदुस्थानातली फौज, मग ती मोगलांची असो, मराठ्यांची असो, नाहीतर १८०३ मध्ये असईला लढलेल्या इंग्रज सेनापती वेलस्लीची असो, या लोकांच्या गोणींवर चालली, हे त्या मुलांनी ऐकायला हवे. त्यांना वर्गात उभे करून विचारा, तुझ्या आजीला लदेणीची, म्हणजे बैलांवर माल लादून नेण्याची, गाणी येतात का? येत असतील तर आजीलाच शाळेत बोलवा.

याच दुष्काळाशी आपल्याकडे आणखी एक नाव जोडले जाते. देहूचे तुकोबा. त्यांची पहिली पत्नी अन्नाविना गेली. पुस्तकात तुकोबा एका धड्यात, शाहजहान दुसऱ्या धड्यात, मुमताज तिसऱ्या. दोन्ही घरांवर जवळपास एकाच काळात मरण आले होते. एकाची बायको भुकेने गेली आणि एकाची बाळंतपणात. मला हे एकत्र वाचल्यावर रात्री झोप आली नाही.

शिवाजी महाराजांचे एक पत्र आपण शिकवताच. १६७० च्या दशकात चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना लिहिलेले. दाणावैरण पावसाळाभर पुरवून वापरा, आताच उधळाल तर पुढे घोडी उपाशी मरतील. आणि मग तुम्ही कुणब्याचे दाणे आणाल, भाकर आणाल, गवत आणाल. कुणबी घर सोडून जाऊ लागतील. मोगलांपेक्षा तुम्ही वाईट असा तळतळाट होईल. जे हवे ते बाजारात जाऊन विकत आणा. हे पत्र आपण रयतेच्या प्रेमाचा दाखला म्हणून शिकवतो, ते योग्यच आहे. पण ते मुळात रसदेचे पत्र आहे. ज्याला कोठीचा हिशेब येतो अशा माणसाने ते लिहिले आहे. मापाडी म्हणून मी ते वाचतो तेव्हा प्रत्येक ओळीला मान डोलते. छपराच्या गवताची ती सनद आणि हे पत्र, दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. बाकी काही समजावण्याची गरज पडणार नाही.

हे सांगताना एक प्रामाणिकपणाही राखावा लागेल. खानदेशाने सगळ्यांचेच सोसले. १६८१ च्या जानेवारीअखेर मराठ्यांची फौज बऱ्हाणपूरच्या बहादूरपुऱ्यावर आली आणि तीन दिवस लूट झाली. शत्रूचे कोठार मोडणे ही लढाईची रीतच आहे, आणि बऱ्हाणपूर कोठार होते म्हणूनच ते लुटले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः तिथे येऊन उतरला. पुढे १८०२ मध्ये होळकरांच्या फौजा, मग पेंढारी, १८०३-०४ चा दुष्काळ, ऑक्टोबर १८०३ मध्ये इंग्रज सेनानी स्टीव्हन्सनने घेतलेले बऱ्हाणपूर आणि असीरगड. १६३० चा पाढा जवळजवळ तसाच पुन्हा म्हटला गेला. १८१८ मध्ये इंग्रज आले तेव्हा खानदेशातली किती तरी गावे ओस होती. आपल्याकडे पेव आणि बळद हे शब्द जुन्या माणसांना अजून माहीत आहेत. धान्य जमिनीखाली का पुरायचे, याचे उत्तर कीड आणि ओल एवढेच नाही.

मी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. अकरा वर्षांचा होतो. वडील खडी फोडायला जायचे, आई मिलोची लाल भाकरी करायची, शाळेत सुकडी मिळायची. आदल्याच वर्षी डिसेंबरात पाकिस्तानशी लढाई झाली होती आणि गावात सैनिकांसाठी वर्गणी गोळा केली होती, तीही मला आठवते. आईने हातातली चांदीची जुनी तोडी दिली होती. तिला त्याचे कधी वाईट वाटले नाही, अभिमानच होता, आणि मलाही आहे. सैन्याला पुरवणे हे पुण्याचे काम आहे असे मानणाऱ्या घरातला मी. म्हणूनच वाटते की कोणी किती दिले आणि कोणाकडून किती काढून घेतले, याची नोंद मुलांपर्यंत पोहोचावी. आईने दिले ते आपल्या हाताने. १६३० मधल्या रावेरच्या बाईला कुणी विचारले नव्हते.

तर माझे मागणे थोडके आहे. वर्षातून एक तास. मोगल दख्खनेत आले त्या धड्याला जोडून. फळ्यावर सुरत ते बऱ्हाणपूर वाट काढा, त्यावर आपापल्या गावाची खूण करा. घोड्याचा, माणसाचा आणि बैलाचा हिशेब मुलांकडून करून घ्या; गणिताच्या सरांना बरोबर घेतले तर उत्तम. आणि सहल नेलीत तर क्रम थोडा बदला. आधी बहादूरपूरला उतरा, तोफांच्या कोठाराची गोष्ट तिथे सांगा. मग कुंडी भंडारा. मग किल्ल्याच्या मागे तापीच्या घाटावर उभे राहून पलीकडच्या मैदानाकडे बोट दाखवा आणि छावणी किती पसरली असेल ते मुलांना विचारा. आहुखाना शेवटी ठेवा. डबे तिथेच उघडू द्या, आणि ते उघडण्याआधी नंदुरबारची हकिकत सांगा.

रावेर, सावदा, निंभोऱ्याच्या आसपास कुणाला असा तास घ्यायचा असेल तर मी येईन. माझ्याकडे वडिलांच्या वेळचा हाततराजू आहे, मणाची आणि पाच शेरांची वजने आहेत, पायली आहे, एक जुनी बैलगोणीही मिळवली आहे. ती भरून चार मुलांना मिळून उचलायला लावायची, म्हणजे त्या बैलाच्या पाठीवर काय होते ते हाताला कळते. सोमवार-गुरुवार सोडून कोणताही दिवस चालेल. ते आमच्या वाचनालयाचे दिवस आहेत.

आपला,
एक निवृत्त मापाडी
रावेर तालुका, जिल्हा जळगाव